नळ आला तो दिवस

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे गावी जमलो होतो. पहाटेपासून भावजय आणि मी कणकेचे दिवे करत बसलो होतो. पंचाहत्तर दिवे म्हणजे नेमके किती, हे ते मांडायला घेतल्यावर कळतं. दोन पराती भरल्या, तरी दिवे उरले. शेवटी माळ्यावरची जुनी काठवट काढावी लागली. वाती आईने आदल्या रात्रीच वळून ठेवल्या होत्या, स्वतःच्या औक्षणाच्या वाती स्वतःच. दिवे लागले, पंखा बंद केला आणि माजघर एकदम पिवळं होऊन गेलं. तुपाचा वास, त्यात कडेने करपत चाललेल्या कणकेचा वास. आईच्या चेहऱ्यावर खालून उजेड पडला होता, त्यामुळे ती एका क्षणी फार तरुण दिसली आणि दुसऱ्या क्षणी फार थकलेली. औक्षण झालं, पाया पडणं झालं. मग कॉलेजात शिकणारा माझा भाचा मोबाईल सरसावून तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याने प्रश्न लिहून आणले होते. आवडता पदार्थ, आवडती जागा वगैरे झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, तुझ्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट कोणता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "आयुष्याला कलाटणी मिळाली, असा प्रसंग." ती थोडा वेळ गप्प राहिली. समोरच्या परातीतली एक विझलेली वात बोटाने सारखी केली. आणि म्हणाली, "घरात नळ आला तो दिवस."

सगळे हसले. मायेनेच हसले, त्यात वाईट काही नव्हतं. भाचा म्हणाला, "आजी, खरं खरं सांग ना." ती म्हणाली, "मग खोटं सांगते का काय?" आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, कारण आत दूध तापत ठेवलेलं होतं. मी हसले नाही. मला काय वाटलं ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. परतीच्या गाडीत बसल्यावर कळलं, की मला राग आला होता. तिने वडिलांचं नाव घ्यायला हवं होतं. १९८४ च्या श्रावणात माझे वडील काविळीने आठ दिवसांत गेले. आई तेव्हा पस्तिशीची, मी अकरा वर्षांची, भाऊ सात वर्षांचा. आमच्या घराची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरू करायची, असं मी गेली चाळीस वर्षं धरून चालले होते. कॉलेजच्या मुलाखतीत, नोकरीच्या अर्जात, नव्या ओळखीत मी तेच वाक्य वापरत आले: वडील गेले आणि आयुष्याला कलाटणी मिळाली. ज्या बाईच्या आयुष्याबद्दल हे वाक्य मी सर्वांत जास्त खरं मानत होते, तिने ते सहज बाजूला सारलं आणि त्या जागी एक नळ आणून ठेवला.

गाडी दौंडला थांबली. आमच्या श्रीगोंदा तालुक्यातून रेल्वेने पुण्याला येणाऱ्यांना दौंड म्हणजे काय ते सांगायला नको. नगरकडून येणारी गाडी दौंडात शिरते, तिचं इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं आणि गाडी आली त्याच तोंडाने उलटी निघते. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइनवरून परस्पर जातात, पण लहानपणी प्रत्येक प्रवासात हा खेळ असायचा. खिडकीशी पुढे तोंड करून बसलेलं पोर दौंडानंतर पाठमोरं पुण्याला जायचं. डबा तोच, बाक तोच, शेंगांची टरफलं तीच, आपण जागचे हललेलोही नाही, आणि तरी आता सगळं मागे मागे पळतंय. मी आईला विचारायचे, "आपण परत घरी चाललो का?" ती म्हणायची, "नाही गं, पुण्यालाच." मला ते कधी पटायचं नाही.

माझं काम शब्दांचं आहे. लोकांनी लिहिलेला मजकूर मी तपासते, ऱ्हस्व-दीर्घ पाहते, वाक्य अडखळत असेल तर सरळ करते. त्यामुळे 'कलाटणी', 'निर्णायक वळण', 'ऐतिहासिक क्षण', 'मैलाचा दगड' हे शब्द माझ्या नजरेखालून रोज जातात. देश निर्णायक वळणावर उभा असतो, भाषा उभी असते, सहकार चळवळ उभी असते. लिहिणारे मनापासून लिहितात, हे मला माहीत आहे. पण वाचताना मन अडतं. वळणावर कुणी वर्षानुवर्षं उभं राहत नाही. आणि मैलाचा दगड वळत नाही, तो आपण किती आलो एवढंच सांगतो. त्या परतीच्या प्रवासात आईचा नळ डोक्यात घोळत असताना मी पहिल्यांदाच या शब्दांकडे तपासनीस म्हणून न पाहता जरा वेगळं पाहिलं. ते कोण वापरतं आणि कधी वापरतं?

'वळण' हा शब्दच घ्या. घाटात वळण असतं, नदीला वळण असतं, तिथे दिशा बदलते. पण मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असतं, एखादं घराणं 'जुन्या वळणाचं' असतं. तिथे काहीच बदलत नाही, उलट रोज तेच तेच करून जे अंगात मुरतं त्याला वळण म्हणतात. वाती वळतात, लाडू वळतात, गुरं वळतात. प्रत्येक ठिकाणी हात सारखा फिरत असतो, एका झटक्यात काही होत नाही. 'वळणाचं पाणी वळणावर जातं' ही म्हण आमची आजी उठता-बसता म्हणायची, आणि तिच्या म्हणण्याचा अर्थ 'कितीही काही करा, शेवटी व्हायचं तेच होतं' असा असायचा. एकाच शब्दात बदल आणि सवय दोन्ही ठेवणाऱ्या भाषेत आम्ही वाढलो, आणि लिहायला बसलो की त्यातला फक्त घाट तेवढा उचलतो.

रस्ता जिथे दोन होतो त्याला आपण फाटा म्हणतो. एसटीने गाव गाठणाऱ्या माणसाला फाटा हा शब्द पायांतून माहीत असतो. रात्री साडेनवाला फाट्यावर उतरायचं, टपरी बंद झालेली, पुढे तीन किलोमीटर अंधार, लांब कुठे तरी कुत्री. फाटणं आणि फाटा एकाच घरातले. आणि 'फाटा देणं' म्हणजे तर वगळणं: मानपानाला फाटा दिला, चर्चेला फाटा दिला. एका रस्त्याला लागलं की दुसरा आपोआप सुटतो, हे या शब्दाने आधीच सांगून ठेवलंय. पण रुळांचं तसं नाही. रूळ जिथे दोन होतात त्याला मराठीत सांधा म्हणतात. वेगळं होण्याच्या जागेला जोडण्याचं नाव. गुडघ्याचा सांधा, तुटलेलं सांधायचं, तोच शब्द. दौंडात बसल्या बसल्या मला हे सुचलं आणि मामाची आठवण झाली.

मामा दौंडला रेल्वेत केबिनमन होता, सांधे आणि सिग्नल हलवणारा. त्याच्या तोंडी 'सांधा' क्वचितच यायचा, तो आणि त्याचे सोबती 'पॉइंट' म्हणायचे. "सात नंबरचा पॉइंट जाम झालाय." उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा डबा द्यायला मी मामीबरोबर केबिनपर्यंत जायचे. लाकडी जिना, वर सगळीकडून काचा, आणि आत माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या लोखंडी लिव्हरांची रांग. मुठी घासून चांदीसारख्या झालेल्या. लाल रंगाच्या सिग्नलच्या, काळ्या पॉइंटच्या. लिव्हर उघड्या हाताने धरत नसत, हातात फडकं असायचं, घामाने लोखंड गंजू नये म्हणून. मामा एक पाय टेकवून सगळं अंग मागे टाकून लिव्हर ओढायचा, आणि खाली कुठे तरी, शे-दोनशे पावलांवर, रुळाची ती निमुळती पट्टी दोन-चार बोटं सरकायची. तेवढीच. त्या सरकण्यावर मनमाडला जायचं की सोलापूरला हे ठरायचं. मला मात्र सिग्नलचा हात खाली पडताना पाहायला आवडायचं. मी म्हणायचे, "मामा, आधी सिग्नल टाक ना." तो म्हणायचा, "आधी टाकताच येत नाही. पॉइंट लागल्याशिवाय आणि त्याला कुलूप बसल्याशिवाय सिग्नलची लिव्हर हलतच नाही. ओढून बघ." मी ओढून पाहिली होती. खरंच हलली नव्हती. लिव्हरांच्या खाली लोखंडी पट्ट्यांची एकमेकींत अडकलेली रचना असते, ती चुकीच्या क्रमाने काही होऊच देत नाही.

म्हणजे फलाटावरच्या माणसाला जेव्हा सिग्नल पडलेला दिसतो, तेव्हा ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

गावाकडे कुणी 'टर्निंग पॉइंट' म्हणत नाही, 'कलाटणी'ही म्हणत नाही. तिथे वर्षांचीच नावं होतात. आमच्या भागात 'बहात्तर' हे नुसतं साल नाही, तो दुष्काळ आहे. "बहात्तरला ही विहीर खणली", "बहात्तरच्या आधी इथे आमराई होती". पुण्यातली जुनी माणसं 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असा काळ मोजतात, धरण फुटल्याची १२ जुलै १९६१ ही तारीख त्यांना वेगळी सांगावी लागत नाही. लातूर-धाराशिवकडे 'भूकंप' म्हटलं की १९९३ चा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. गिरणगावातल्या एका काकूंशी बोलताना मी पाहिलं, की त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'संपाच्या आधी' येतं, 'संपानंतर' मात्र येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप मिटल्याचं कधी कुणी रीतसर जाहीरच केलं नाही. ज्याचा शेवट झाला नाही त्याच्या नंतरचं कसं बोलणार? या सगळ्या शब्दांत बोलणारी माणसं वळत नाहीत. पाणी येतं, पाणी जातं, जमीन हलते, भोंगा बंद होतो, आणि माणसं तिथल्या तिथे असतात.

बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पोटात होते. आठव्या महिन्यापर्यंत ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. मस्टरवर नाव लागायचं, संध्याकाळी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळायची, घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, ज्या तव्यावरच फुटायच्या. ती एकटी नव्हती. पुढच्या मे महिन्यात, १९७३ साली, राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या दिवसांबद्दल आई कधी फार बोलत नाही, पण बोलली तर एकच वाक्य म्हणते: "दिवस भरत आले होते आणि आड कोरडा होता." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आत्ता मला त्यातलं 'भरत' ऐकू येतं.

जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची हलकी वाटी तरंगत सोडायची, तिच्या बुडाला बारीक भोक. पाणी थेंबाथेंबाने आत येतं, वाटी हळूहळू खाली जाते, आणि चोवीस मिनिटं झाली की गपकन बुडते. एक घटका. दोन घटकांचा मुहूर्त. वाटीकडे पाहणाऱ्याला शेवटपर्यंत काही घडतंय असं वाटत नाही. भटजी तिच्याकडे डोळे लावून असतात, आणि बुडाली की 'सावधान' म्हणतात. मला वाटतं, आपल्या भाषेने निर्णायक क्षण ओळखायला शिकलं ते या वाटीपाशी. माणूस जायची वेळ आली की त्याची घटका भरली म्हणतात. पापाचा घडा भरतो. शिशुपालाचे शंभर अपराध भरतात. बाळंतिणीचे दिवस भरतात, आणि मरणाऱ्याचेही दिवसच भरतात, शब्दात फरक नाही. अमुक क्षणी दिशा बदलली असं यातला एकही शब्द म्हणत नाही. आधीपासून काही तरी भरत होतं, एवढंच तो सांगतो. ते कुणी पाहिलं असो वा नसो.

माझा जन्म किंक्रांतीचा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा. करिदिन. शुभ काम या दिवशी करत नाहीत, आणि मी नेमकी त्या दिवशी आले. आजीने म्हणे कपाळाला हात लावला होता. संक्रांतीशी आमच्या घरात तसं दुहेरीच नातं. सकाळी तिळगूळ, सुगडात ऊस-बोरं-हरभरे, आईची काळी चंद्रकळा, आणि त्याच वेळी आजी पंचांगवाल्या काकांना दबक्या आवाजात विचारणार, "यंदा कशावर बसून आलीय? कुठे बघतीय?" संक्रांत देवी कुठल्या तरी वाहनावर येते, कुठल्या तरी रंगाचं वस्त्र नेसते, एका दिशेने येते, एका दिशेला जाते, आणि जिकडे जाते तिकडचं काही खरं नाही. तिने जे नेसलं ते महागणार, तिने जे खाल्लं ते महागणार. गोड बोलायच्या सणाचं नाव आपण 'त्याच्यावर संक्रांत आली' असं संकटालाही दिलं. मूळ शब्दात यातलं काही नाही. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. संक्रांती म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात पाऊल टाकणं. क्रांती, पराक्रम, अतिक्रमण, सगळी त्याच पावलाची लेकरं.

पानिपताचा घाव संक्रांतीच्या दिवशी बसला, म्हणून 'संक्रांत कोसळली' म्हणतात, असं शाळेत आम्हाला सांगितलेलं. १४ जानेवारी १७६१. मोठेपणी कधी तरी लक्षात आलं, की संक्रांत १४ तारखेला नेहमीच नव्हती. ती सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे असणार. म्हणजे भाऊसाहेबांची फौज त्या बुधवारी बाहेर पडली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. आपण मात्र तो दिवस संक्रांतीलाच बांधून टाकला, कारण एवढं मोठं दुःख साध्या पौष शुद्ध अष्टमीला होऊन गेलं हे मनाला सोसत नाही. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईला कलाटणी मिळाली, असं आपण वाचतो. पण त्याआधी अडीच महिने ती छावणी पानिपतात अडकून पडली होती. रसद तुटलेली, दाणावैरण संपलेली, माणसं आणि जनावरं उपाशी. घटका तिथे भरत होती. गोळी लागली ती वाटी बुडण्याची वेळ.

उत्तरायणाचंही तसंच. दिवस खरा मोठा व्हायला लागतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, कडाक्याच्या थंडीत, कुणाच्या लक्षातही येत नाही अशा वेळी. आपण तीन आठवड्यांनी तिळगूळ वाटतो. दिवस तिळातिळाने वाढतो, असं आजी म्हणायची, आणि बोटाच्या पेरावर तीळ ठेवून दाखवायची.

वडिलांना तालुक्याच्या गावी न्यायला जीप आली त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तळहातसुद्धा. भावाने रडून रडून त्यांचा सदरा धरला होता. वडिलांनी तो सोडवला आणि म्हणाले, "येतो." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. हा रिवाज त्यांनी शेवटपर्यंत पाळला. चौथ्या दिवशी तीच जीप परत आली. नंतर बायकांनी आईला मागच्या पडवीत नेलं आणि आतून माझ्या आत्याचा आवाज आला, "बांगड्या वाढवा." फोडा कुणी म्हणत नाही, वाढवा म्हणतात. दिवाही विझवत नाहीत, वाढवतात. मला तेव्हा हा शब्द कळला नाही, मला वाटलं की आईला आणखी बांगड्या भरणार आहेत. पडवीच्या दाराशी हिरव्या काचा पडलेल्या मी पाहिल्या आणि त्या वेचायला वाकले, तर कुणी तरी मला मागे ओढलं. घरावर वीज पडली त्या दिवशी आमच्या माणसांच्या तोंडी दोनच शब्द होते. येतो, आणि वाढवा. 'कलाटणी' हा शब्द मी त्यावर पुढे बऱ्याच वर्षांनी चिकटवला, पुण्यात, एका अर्जाच्या रकान्यात, जिथे पाच ओळी लिहायच्या होत्या.

पंचाहत्तरीनंतर महिन्याभराने मी परत गावी गेले, फक्त आईला विचारायला. मेथी निवडत बसलो होतो. मी विचारलं, "आई, नळ का म्हणालीस?" ती म्हणाली, "तू अजून त्यातच आहेस होय?" आणि मग अगदी सावकाश, एकेक जुडी सोडवत, सांगितलं. नळ १९८२ चा, वडील जायच्या दोन वर्षं आधीचा. त्याआधी तिचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. विहीर गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, अंधारातच तीन खेपा, कारण उजाडल्यावर रांग लागायची. संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच. उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीवाटीने भरायचं. सासूबाईंना सोवळ्याचं पाणी वेगळं, जनावरांना वेगळं. पंधरा वर्षं. "डोक्याचा मधला केस उगवायचाच थांबला होता," ती म्हणाली, आणि भांगाच्या मागे बोट ठेवून दाखवलं. मला ती जागा माहीत होती, लहानपणी वेणी घालताना मी ती पाहिली होती, पण ती कशाची आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

मग टाकी झाली, गल्लीत नळ आले, आणि वडिलांनी कारखान्याच्या हंगामाच्या पैशांतून घरात तोटी घेतली. आजीचा विरोध होता. मोरीत नळ आला त्या दिवशी आई म्हणे तिन्ही भांडी भरून झाल्यावर तशीच बसून राहिली. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि करायला काही नव्हतं. "मला कळेना आता काय करू. अंगण दोनदा झाडलं." दहा-बारा दिवसांनी तिने सातवीची माझी नव्हे, तिची स्वतःची जुनी पुस्तकं ट्रंकेतून काढली. शेजारच्या बाईंनी सांगितलं, की बालवाडीसाठी ताई पाहिजेत, तालुक्याला शिकवणी आहे, सातवी पास चालते. आधी तीन वेळा हे तिच्या कानावरून गेलं होतं. तेव्हा तिने वर मान करूनही पाहिलं नव्हतं, कारण वर मान करायला डोक्यावर हंडे होते. या वेळी ती गेली. सहा महिन्यांनी गावातल्या बालवाडीत रुजू झाली. वडील गेले तेव्हा तिला तिथे वर्ष भरत आलं होतं. पगार अगदीच तुटपुंजा, पण तेराव्यानंतर जेव्हा आजोळची माणसं म्हणाली की पोरांना घेऊन आमच्याकडे चल, तेव्हा आई म्हणाली, "माझी शाळा आहे."

"तो नळ आला नसता," ती म्हणाली, "तर तुम्हाला घेऊन मी माहेरी गेले असते. तू शिकली असतीस का नसतीस, काय माहीत. ते गेले ते तर..." आणि थांबली. मेथीची काडी हातात तशीच. "ते गेले ते गेलेच. त्याला काय म्हणायचं?"

मी गप्प बसले. मला एकाच वेळी हलकं वाटत होतं आणि काही तरी हिसकावून घेतल्यासारखंही. चाळीस वर्षं मी फलाटावरून सिग्नल पाहत होते, आणि ती दोन वर्षं आधी, कुणी पाहत नसताना, फडकं धरून लिव्हर ओढून बसली होती. पण वडिलांचं जाणं त्यामुळे लहान झालं का? मला ते लहान झालेलं नको आहे. आईलाही नको असावं. तिने त्याला नाव द्यायचं टाळलं, ते त्यासाठीच असेल. तिच्या लेखी ती वळायची जागाच नसेल, ज्याच्यापुढे शब्द थांबतो अशी काही तरी असेल. मी त्या जागेवरून वळून पुढे आले असं सगळ्यांना सांगत राहिले. ती तिथून हललीच नाही, आणि तरी तिने आम्हाला पुढे नेलं. दौंडातल्या त्या डब्यासारखं.

त्या रात्री मी तिथेच राहिले. आता गावात पाणी तिसऱ्या दिवशी येतं, तेही पहाटे, कधी चारला, कधी पावणेपाचला. नळाची तोटी उघडीच ठेवलेली असते. अंधारात आधी तोटीतून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज आला, मग खोकल्यासारखं, मग बारीक धार. मी उठले, मोरीत गेले, दिवा न लावताच हंडा खाली सरकवला. पितळेच्या तळावर पाणी पडायला लागलं की पहिल्यांदा खणखणीत आवाज येतो, मग तो दबतो, खोल जातो. मग पाणी वर येईल तसा परत चढत जातो, बारीक होत होत. फरशी गार होती. मी मोरीच्या काठावर बसून ऐकत राहिले. वरच्या झरोक्यातून अजून काहीच दिसत नव्हतं. माझ्या अंदाजाने हंडा अर्धा झाला असेल. आतल्या खोलीतून, खाटेवरून, आईचा झोपेतला आवाज आला.

"भरत आला बघ. बंद कर, आणि कळशी लाव."